‘सर्वानुमते’ म्हणजे कोणाच्या मते?

(सुपा, ता. पारनेर येथे पाणलोट आणि पाणीपुरवठ्याच्या कामांतल्या कार्यकर्त्या, बचत गटांच्या प्रमुख आणि प्रकल्प समन्वयक यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय पत्रकात असा छापलाय : ‘प्रकल्पाशी संबंधित सर्व घटकांचा सहभाग मिळवण्यासाठी समन्वयकाला लागणारी कौशल्ये’. सकाळी चहाच्या वेळी एक ताई म्हणाल्या, “विषय मोठा साहेबी आहे.” खरं आहे. पण विषय साहेबी असला तरी तो चुकला की भोगावं लागतं आपल्याला. म्हणून आधी त्यातले शब्द सोडवून घेऊ, मग कामाचं बोलू.

इंग्रजीत ‘स्टेकहोल्डर’ असा शब्द आहे. सरकारी कागदात त्याचं कधी ‘भागधारक’ होतं, कधी ‘हितधारक’. भागधारक म्हटलं की आपल्या नगर जिल्ह्यात आधी साखर कारखाना आठवतो. ज्याच्या नावावर शेअर, तो भागधारक. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारी, मोळ्या डोक्यावर वाहणारी बाई भागधारक नाही. तिचा घाम त्यात आहे, भाग नाही. म्हणून मला तो शब्द नको वाटतो. माझी व्याख्या साधी आहे. एखाद्या कामानं ज्याचं काही बनतं किंवा बिघडतं, तो त्या कामाशी संबंधित. आपल्याकडे म्हणतातच, ज्याचं जळतं त्याला कळतं.

आणि ‘प्रकल्प समन्वयक’ म्हणजे तरी कोण? पगारी माणूसच असं नाही. ज्याच्या हातात मिटिंगचं रजिस्टर, कामाचा आराखडा आणि मजुरीचा हिशेब असतो, तो समन्वयक. आज इथे बसलेल्या निम्म्या जणी उद्या पाणी समितीच्या अध्यक्ष किंवा सचिव होणार आहेत. तेव्हा हे तुमच्यासाठीच आहे.

प्रशिक्षणांमधून या विषयावर बहुतेक एकच गोष्ट शिकवतात : लोकांना पटवून कसं द्यायचं. गाणी म्हणा, पोस्टर लावा, सहल काढा, हिवरे बाजार दाखवून आणा. हे सगळं उपयोगाचं आहे. पण माझ्या अनुभवात पटवून देणं ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे या कामाची किंमत कोण मोजणार आहे, हे शोधून काढणं. आणि आराखडा पक्का व्हायच्या आधी तिला बोलतं करणं. आज मी एवढंच सांगणार आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

माथ्यावरची किंमत, पायथ्याचा फायदा

आपला तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस कमी, तोही लहरी. म्हणून आपल्याकडे पाणलोटाची कामं आली. इथून जवळच राळेगण सिद्धी आहे, तिथे १९७५ नंतर कामाला सुरुवात झाली. १९९२ मध्ये नाबार्ड आणि जर्मन सरकारच्या मदतीनं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. १९९३ मध्ये नगरला ‘वॉटर’ म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांची नावं तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहेत.

पाणलोटाचं तंत्र सगळ्यांना पाठ आहे : माथा ते पायथा. डोंगरावर सलग समतल चर खणायचे, झाडं लावायची, गवत वाढू द्यायचं. पाणी थांबतं, मुरतं आणि खालच्या विहिरींना येतं. तंत्र बरोबर आहे. आता त्याच्याकडे बाईच्या नजरेनं बघा. विहिरी कुठे आहेत? खाली, भारी जमिनीत. त्या कुणाच्या? ज्यांच्याकडे आधीपासून जमीन होती त्यांच्या. आणि माथ्यावर कोण असतं? गायरानात शेळ्या चारणारी बाई, सरपण गोळा करणारी बाई, पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन फिरणारी धनगर कुटुंबं. चराईबंदी झाली की पहिल्या दिवसापासून नुकसान यांचं. विहिरीला पाणी येईल तेव्हा फायदा खालच्यांचा. किंमत एकीकडे, फायदा दुसरीकडे.

हे मी मनानं सांगत नाही. जॉन केर, गणेश पांगारे आणि वसुधा लोकुर पांगारे यांनी महाराष्ट्र आणि आंध्रातल्या ८६ गावांमध्ये पाणलोट कामांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातली महाराष्ट्रातली गावं आपल्या नगर आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यातली होती. जिथे तांत्रिक काम आणि लोकांचा सहभाग दोन्ही होतं, तिथली कामं सरस ठरली. पण त्याच अभ्यासात हेही आलं की गायरानावर जगणाऱ्या काही गरिबांना, गुरं-मेंढरं राखणाऱ्यांना या कामांचा तोटा झाला. म्हणजे काम यशस्वी झालं तरी त्यात कुणीतरी हरलेलं असू शकतं.

यावर कुणी म्हणेल, गावाच्या भल्यासाठी चार जणींनी थोडं सोसावं. मी म्हणते, चार जणींचं सोसणं गावानं बघितलं तरी का? आणि नुसता न्यायाचाही प्रश्न नाही. माथ्यावरची बाई जर मनानं तुमच्याबरोबर नसेल, तर रात्री शेळ्या चरात शिरतात, रोपं जातात, कुंपण तुटतं. मग राखणदार ठेवा, दंड लावा, भांडणं मिटवा. तिला आधी विचारणं हा कामाच्या टिकाऊपणाचाच भाग आहे.

यादी कुठून काढायची?

म्हणून पहिलं कौशल्य : यादी करणं. ऐकायला कारकुनी वाटतं, पण सगळं राजकारण यादीतच असतं. समन्वयक गावात आला की तलाठ्याकडून सात-बारा काढतो. सात-बारावर नावं पुरुषांची. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, अनेक गावांत बायकांच्या नावावर जमिनी झाल्या. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये देशानं वारसा कायदा बदलला, मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांसारखा वाटा दिला. पण तुमच्याच गावात बघा, किती जणींनी भावाला हक्कसोड करून दिलंय. तेव्हा सात-बारावरून यादी केली की निम्मं गाव गळतं. शिवाय भूमिहीन गळतात, परित्यक्ता गळतात, माहेरी परत आलेली गळते, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेलं कुटुंब गळतं.

यादी कामावरून करायची. या डोंगराचा वापर कोण कोण करतं? गवताला कोण जातं? सरपणाला कोण? शेळ्या कुणाच्या? शेणी वेचायला कोण? या पाणवठ्यावर कपडे कोण धुतं? एकेका वापरासमोर नाव लिहायचं. पाणी कुणाच्या नावावर आहे, यापेक्षा पाणी कोण भरतं हे विचारलं की यादी आपोआप बदलते.

याचा दाखला पुरंदर तालुक्यात आहे. १९७४ च्या सुमाराला विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरावर बेतला नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर बेतला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि उसाला बंदी. यादी जमिनीवरून केली की एक न्याय होतो, माणसांवरून केली की दुसरा, हे तिथे दिसतं.

वेळ, जागा आणि रांगोळी

दुसरं कौशल्य : बोलायला जागा करणं. ‘बाया मिटिंगला येतच नाहीत’ ही तक्रार मी वीस वर्षं ऐकते आहे. मिटिंग कधी असते? सकाळी दहाला किंवा संध्याकाळी सहाला. दहाला बाई खुरपणीला गेलेली, सहाला चुलीपुढे. कुठे असते? ग्रामपंचायतीच्या ओट्यावर किंवा देवळात, जिथे सासरे, दीर, भावकी पारावर बसलेली. ज्या बाईनं उभ्या जन्मात त्या पारावर तोंड उघडलं नाही, ती तिथे योजनेवर मत देईल अशी अपेक्षा कशी करता?

आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायला सांगितलं आहे. अनेक गावांत ती कागदावर होते. अंगणवाडीत पाच जणी बोलवून सह्या घेतल्या की झाली महिला सभा. ती खरी करायची तर वस्तीवर जायला हवं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बांधावर, नाहीतर रात्री भाकरी झाल्यावर कुणाच्या तरी ओसरीवर. दलित वस्तीची, ठाकरवाडीची, धनगरवाड्याची बैठक तिथे जाऊनच. सगळ्या बायांची एकच बैठक घेतली तर पाटलाच्या सुनेसमोर मजूर बाई बोलत नाही. बाई-बाई सगळी सारखी, हे आपलं घोषणेतलं वाक्य आहे. बैठक बोलावताना ते विसरलेलं बरं.

आणि बोलायला नेहमी बोलणंच लागतं असं नाही. जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला सांगा. जी बाई तासभर गप्प होती ती पुढे येऊन म्हणते, “ही वाट चुकली, पाण्याची वाट इकडून जाते.” एका वाक्यात तिनं इंजिनिअरचा नकाशा दुरुस्त केलेला असतो. पुरुषांनी नकाशा काढला की त्यात रस्ते, देऊळ, सोसायटी येते. बायांनी काढला की हापसा, सरपणाची जागा, दुसऱ्या गावाला जाणारी पायवाट आणि संडासला जायची आडोशाची जागाही येते. दोन नकाशे शेजारी ठेवा. पुढच्या चर्चेला समन्वयकानं भाषण करायची गरज उरत नाही.

ऐकलं म्हणजे काय केलं?

तिसरं कौशल्य ऐकण्याचं. पण ऐकलं याचा पुरावा काय? मान डोलावली हा पुरावा नाही. आराखड्यात काय बदललं, हा पुरावा.

एका गावातली गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. डोंगरावर चराईबंदीचा ठराव व्हायचा होता. आम्ही दोघी वरच्या वस्तीवर बसलो. तिथे एक म्हातारी मावशी होत्या, चार शेळ्या हीच त्यांची इस्टेट. त्या म्हणाल्या, “बाई, तुमच्या चराच्या आड माझी शेळी येते, का माझ्या शेळीच्या आड तुमचा चर येतो, ते आधी ठरवा.” सगळ्या हसल्या, पण प्रश्न तोच होता. शेळी म्हणजे त्यांची बँक. दुखणं आलं, लेकीचं बाळंतपण आलं की एक विकायची.

मग आम्ही त्यांनाच विचारलं, काय केलं तर चालेल? तीन गोष्टी आल्या. डोंगर एकदम बंद करू नका, तीन भाग करा. एक भाग बंद, दोन खुले. तिथलं गवत धरलं की पुढचा भाग घ्या. बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायला परवानगी द्या, आणि भूमिहीनांकडून त्याचे पैसे घेऊ नका. तिसरं, चर खणायच्या मजुरीवर आणि रोपवाटिकेच्या कामावर पहिला हक्क आमचा. हे तिन्ही मुद्दे समितीपुढे ठेवले. विहीरवाल्यांनी कुरकुर केली, दोन बैठका गाजल्या. शेवटी पहिल्या दोन गोष्टी पूर्ण मान्य झाल्या, तिसरी अर्धी. चराईबंदी टिकली. पुढे त्याच बाया परगावच्या मेंढरांना हटकू लागल्या. तरीही दोन घरांनी शेळ्या विकल्याच. हेही सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातली होईल.

यात समन्वयकाचं कौशल्य कुठे होतं? ‘नाही’च्या मागे काय आहे ते विचारण्यात. बाई ‘नाही’ म्हणाली की आपण तिला अडाणी समजून पुन्हा समजावायला लागतो. तिच्या ‘नाही’त नेहमी एक हिशेब असतो. तो काढून घ्यायचा. आणि समितीत जे मान्य झालं नाही, तेही परत जाऊन तिला तोंडावर सांगायचं. वस्तीवर एकदा जाऊन मतं गोळा करणारे पुष्कळ. दुसऱ्यांदा जाऊन ‘तुझं हे ऐकलं, हे नाही ऐकलं, आणि का ते असं’ म्हणून सांगणारे फार थोडे. विश्वास दुसऱ्या खेपेला बसतो.

हिशेब चव्हाट्यावर

चौथं कौशल्य पैशाचं आणि पाण्याचं गणित सगळ्यांना कळेल असं मांडण्याचं. इंडो-जर्मन कार्यक्रमात गावानं अकुशल मजुरीच्या सोळा टक्के एवढं श्रमदान करायचं, अशी अट होती. त्यातून भूमिहीन आणि गरीब एकट्या पालकाची घरं वगळली होती. ही अट मला महत्त्वाची वाटते. कारण श्रमदान हा गोड शब्द आहे, पण ज्याच्या शेतात बांध पडतो त्याचं श्रमदान आणि ज्याला शेतच नाही त्याचं श्रमदान, ही एक गोष्ट नाही. दुसरीचं ते फुकट राबणं होतं. शिवाय घरटी एक माणूस श्रमदानाला, असा नियम झाला की घरातून कुदळ घेऊन कोण येतं? तुम्ही हसताय, म्हणजे उत्तर माहीत आहे.

हिशेब फळ्यावर लिहायचा. मजुरीचा दर, किती मीटर काम झालं, कुणाला किती पैसे गेले. बाई-पुरुष समान दर. रोजगार हमीच्या कामावर आपल्या आयांनी, सासवांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. रोजगार हमीचा कायदा त्यानंतर, १९७७ साली झाला. मस्टरवर नाव कुणाचं आणि काम कुणाचं, हे बघण्याची सवय आपल्याला तिथूनच आहे. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं सामाजिक अंकेक्षण आणलं, म्हणजे ग्रामसभेत हिशेब वाचून दाखवायचा. तो वाचून दाखवताना ‘वाचून झालं’ असं व्हायला नको. आकडे थांबून, पुन्हा सांगून, ज्यांचे आहेत त्यांना विचारून पुढे जायचं.

पाण्याचंही तसंच. हिवरे बाजारला पाऊस किती पडला ते मोजून, गावाकडे पाणी किती आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. पाणी आधी प्यायला, मग जनावरांना, मग पिकाला, हे तोंडानं सगळेच म्हणतात. आकडा समोर असला की मोडणं अवघड जातं. तुमच्या नळयोजनेतही हे करा. नळाला पाणी किती वाजता सोडायचं, एवढा एक प्रश्न घ्या. व्हॉल्व सोडणाऱ्याच्या सोयीनं सकाळी अकराला पाणी आलं की मजुरीला जाणारी बाई एकतर रोज बुडवते, नाहीतर मुलीला शाळेतून घरी ठेवते. जलजीवन मिशनच्या नियमाप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या बाया असायला हव्यात. त्या निम्म्यांनी एवढी एक वेळ जरी बदलून घेतली तरी समितीत असल्याचं सार्थक होईल.

वर बोलायचं कौशल्य

आतापर्यंत गावात बोलण्याचं सांगितलं. पण समन्वयक दोन दगडांवर उभा असतो. वर कार्यालय आहे, इंजिनिअर आहे, आणि मार्चअखेर आहे. ‘३१ मार्चच्या आत निधी खर्च करा’ हे वाक्य जितक्या गावांचा सहभाग खाऊन बसलंय, तितका दुसऱ्या कशानं खाल्ला नसेल. म्हणून पाचवं कौशल्य : वरच्यांकडून वेळ मागणं.

त्यालाही आधार आहे. इंडो-जर्मन कार्यक्रमात गावाला एकदम सगळी रक्कम देत नसत. आधी वर्ष-दीड वर्ष लहान तुकड्यावर काम करायचं, समितीनं कारभार शिकायचा, मग पुढचं. जमिनीचं नियोजन कार्यालयात बसून न करता शेताशेतात जाऊन, त्या शेतकऱ्याशी आणि शक्य तिथे त्याच्या बायकोशी बोलून करायचं. बायांच्या गटांची संयुक्त महिला समिती करायची. म्हणजे बोलण्याला लागणारा वेळ कामाच्या वेळापत्रकातच धरला होता. तुम्ही अंदाजपत्रक करता तेव्हा सिमेंटच्या गोण्या धरता, तसे वस्तीवरच्या बैठका, पाळणाघर, बायांचा बुडालेला रोज, हेही धरा. ज्याला खर्चाची ओळ नाही ते काम होत नाही.

‘सर्वानुमते’

आता शेवटचं आणि सगळ्यात नाजूक. ठराव लिहिणं. रजिस्टरमध्ये आपण डोळे मिटून लिहितो : ‘सर्वानुमते मंजूर’. मी रजिस्टरं उघडून बघते तेव्हा अनेकदा दिसतं की अंगठे आधी घरोघर फिरून घेतलेले आहेत आणि ठराव नंतर लिहिला आहे. हे बायांच्या अंगठ्यांबाबत जास्त होतं. १९९० मध्ये महाराष्ट्रानं पंचायतीत ३० टक्के जागा बायांना दिल्या, ७३ व्या घटनादुरुस्तीनं ३३ टक्के झाल्या, २०११ पासून ५० टक्के. आता सरपंचाच्या खुर्चीतही बाई आहे. पण ठरावावर सही तिची आणि ठराव कुणाचा, हे विचारायचं थांबवता येत नाही.

१९६९ साली अमेरिकेत शेरी अर्नस्टाइन या बाईंनी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना गुंडाळणं. मधे नुसतं कळवणं, मग विचारल्यासारखं करणं. वर भागीदारी, आणि सगळ्यात वर लोकांच्या हातात कारभार. आपल्या ‘सर्वानुमते’ला या शिडीवर कुठे बसवायचं ते तुम्हीच ठरवा.

गावाची एकी ही मोठी ताकद आहे, हे मी नाकारत नाही. राळेगणच्या एकीनं दारूभट्ट्या बंद झाल्या. त्याचा सगळ्यात मोठा दिलासा बायांना मिळाला. पण त्याच एकीत दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णा हजारे यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. बायकोच्या बाजूनं घेतलेला निर्णयसुद्धा मारझोडीतून जावा का, यावर आपल्या चळवळीत बोलायला हवं. आदर्श गावाच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान आहे, आणि नसबंदीही आहे. गावानं नसबंदी स्वीकारली म्हणतात. पण महाराष्ट्रात शस्त्रक्रिया कुणाच्या होतात? जवळजवळ सगळ्या बायांच्याच. कुऱ्हाडही जास्त करून सरपणासाठी बायांच्या हातातली. शेळ्या बायांच्या. पाच सूत्रांपैकी कुठल्या सूत्राचा भार कुणाच्या अंगावर, हे मांडलं म्हणजे आपण गावाच्या विरोधात जातो असं नाही. गाव म्हणजे कोण, एवढंच विचारतो.

म्हणून ठरावात विरोध लिहायला शिका. ‘अमुक जणींचं असं म्हणणं होतं, त्यावर असं ठरलं, सहा महिन्यांनी पुन्हा विचार करायचा.’ तीन ओळी जास्त लागतात. पण पुढच्या बैठकीत त्या बाईच्या हातात कागद असतो.

सुप्याचा प्रश्न

हे सगळं पाणलोटापुरतं नाही. इथून बाहेर पडलात की एका बाजूला डोंगरावर पवनचक्क्या दिसतात, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीचे कारखाने. नगर-पुणे रस्त्यावरचं सुपं आता वेगळंच गाव झालंय. उद्योग यावेत, पोरांना काम मिळावं, असं इथल्या आयांनाही वाटतं. पण जमीन घेताना नोटीस कुणाच्या नावानं येते, चेक कुणाच्या खात्यावर जातो, आणि तो पैसा संपल्यावर रोजानं कोण जातं, याचा हिशेब तुम्ही जवळून बघितला आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानं एक चांगली गोष्ट केली. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत त्या जमिनीवर तीन वर्षं पोट भरणारे भूमिहीन मजूरही घेतले. विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या बाया यांना वेगळं कुटुंब मानलं. पण खासगी कंपनीसाठी जी ८० टक्के बाधितांची संमती लागते, त्या मोजणीत जमीनवाली कुटुंबंच धरली आहेत. म्हणजे मजूर बाई बाधित आहे, पण तिच्या हो-नाहीची मोजणी नाही. शिवाय एमआयडीसीचा कायदा वेगळा, १९६१ चा. तेव्हा गावात सामाजिक परिणामांची पाहणी आपोआप होईल असं धरून बसू नका. ती आपली आपण करायची. या माळावर शेळ्या कुणाच्या, खुरपणी कोण करत होतं, पाणी कुठून येत होतं. तीच यादी, तोच रांगोळीचा नकाशा. कार्यालयात निवेदन घेऊन जाल तेव्हा सोबत तो नकाशा असू द्या.

मैत्रिणींनो, दुपारच्या सत्रात भाषण नाही, काम आहे. गावागावाचे गट करा. आपल्या गावात सध्या चालू असलेलं एक काम घ्या : पाण्याची टाकी, रस्ता, बंधारा, काहीही. तीन रकाने आखा. पहिल्यात, या कामाचा फायदा कुणाला. दुसऱ्यात, याची किंमत कोण मोजतंय. तिसऱ्यात, दुसऱ्या रकान्यातल्या किती जणींचं म्हणणं गावाच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर लाज वाटू देऊ नका. तो घेऊन पुढच्या ग्रामसभेला जा, आणि कुणी ‘सर्वानुमते’ लिहायला पेन उचललं की म्हणा, “भाऊ, जरा थांबा. अजून तीन नावं राहिलीत.”

एवढं बोलून मी थांबते.